देव्हाऱ्यातली अपघात नोंदवही

आमच्या नर्सिंग होममध्ये वीस खाटा आहेत, मनात आलं तर चालणारी एक लिफ्ट आहे, आणि नर्सेसच्या टेबलामागे एक देव्हारा आहे. त्या देव्हाऱ्यात गणपतीच्या पायाशी कित्येक वर्षं एक लाल कापडी बांधणीची वही होती. कुंकू सांडून सांडून ती आणखीच लाल झाली होती. पेशंटचे नातेवाईक तिला पोथी समजून नमस्कार करायचे. मी कधी कुणाला अडवलं नाही. नमस्काराने कुणाचं वाईट होत नाही, म्हटलं.

ती पोथी नव्हती. ती आमची अपघात नोंदवही होती.

झालं असं होतं, की कामावर कुणाला इजा झाली तर ती लिहून ठेवायला हवी, वर्षाच्या अहवालात द्यायला हवी, असं डॉक्टरांच्या कानावर आलं. डॉक्टर म्हणजे आमचे मालक. ते मला म्हणाले, "सिस्टर, एक वही घाला." मी इथली इन्चार्ज, तेव्हा वही घालणं माझ्याकडे. पनवेलच्या बाजारात गेले. दसरा-दिवाळी तोंडावर आलेली, दुकानात सगळीकडे व्यापाऱ्यांच्या लाल वह्या. त्यातलीच एक आणली. पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, कुणाला, कुठे, कशाने, का, काय केलं, सही. अक्षर माझं चांगलं आहे, उगाच का नाही म्हणू!

ती वही दसऱ्याला मी पूजेत ठेवली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. बीपीचं मशीन, सक्शन मशीन, हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह, सगळ्यांना हळदकुंकू. आग विझवायच्या लाल सिलिंडरला झेंडूची माळ. वहीलाही मी फूल वाहिलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "देवा, हिच्यात काही लिहायची वेळ आणू नकोस रे बाबा." सगळ्यांनी हात जोडले. पेढे वाटले. आणि वही जी देव्हाऱ्यात राहिली, ती राहिलीच.

आता देवाच्या वहीत कोण लिहिणार? वॉर्डबॉय जिन्यावरून पाय घसरून पडला, तर तो "पडला नाही, बसला". ऑटोक्लेव्हच्या वाफेने एका सिस्टरचं मनगट भाजलं, तर "जरासं चटकलं". आमच्याकडे सगळं 'जरासं' व्हायचं. मला स्वतःला इतक्या वर्षांत किती सुया टोचल्या ते मी मोजलंही नाही. नळाखाली बोट धरायचं, पुढच्या पेशंटकडे जायचं. अळीमिळी गुपचिळी. डॉक्टर तर पाहुण्यांना ती कोरी वही उघडून दाखवायचे, कुणी मुलाची मार्कशीट दाखवावी तशी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तीच आमची मूठ.

याच काळात प्रशिक्षण मीच देत होते, हे सांगायलाच हवं. कायद्याने ते द्यावंच लागतं. कचऱ्याच्या रंगीत बादल्या पुढ्यात मांडून मी भाषण करायचे. पिवळ्यात रक्ताच्या पट्ट्या आणि कापूस, लालमध्ये नळ्या, निळ्यात काच, आणि सुया फक्त त्या पांढऱ्या, जाड, न टोचणाऱ्या डब्यात. "आणि सुईला टोपण परत लावायचं नाही! कोणीही! कधीही!" असं मी टेबलावर हात आपटून सांगायची. ऐकणाऱ्यांत सगळ्यात मन लावून ऐकायची ती आमची मावशी.

मावशी बेलपाड्याची. खारघरचे टॉवर उभे राहिले त्याच्या आधीपासून तिचं घर तिथे आहे, हे ती दर आठवड्याला एकदा तरी सांगते. वॉर्डची झाडलोट, बेडपॅन, कचरा, सगळं तिच्याकडे. सही येते, वाचायला फारसं येत नाही, पण रंग तिचे माझ्याहून पक्के. मला ती 'सिस्टरबाय' म्हणते. दुपारी तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट मी खायची, माझ्या डब्यातली पोळी ती खायची नाही. "तुमची पोली म्हंजे कागद हाय," म्हणायची.

आणि माझी एक खोड. टोपण लावू नका म्हणून घसा फोडणारी मी, स्वतः मात्र टोपण लावायची. आमच्या शिकायच्या वेळी मेट्रनने हाताला लावलेली सवय, ती जाते कुठे! वर त्या टोपणावर थोडा कापूस गुंडाळायची, कुणाला लागू नये म्हणून. तरुण सिस्टर्स हसायच्या. "सिस्टरनी सुईला स्वेटर घातला," म्हणायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हेच.

गेल्या शिमग्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दर्जाची तपासणी करणाऱ्या एक मॅडम यायच्या होत्या. सकाळपासून आमची लगीनघाई. मावशीसाठी घेतलेले जाड हातमोजे कपाटातून काढले. ते घेतले होते दोन वर्षांपूर्वी, पण खराब होतील म्हणून जपून ठेवले होते. त्या दिवशीही ते मावशीच्या हातात दिले नाहीत हं. दारातल्या फुलांच्या कुंडीशेजारी टेबलावर मांडले, मॅडमना दिसावेत म्हणून.

सव्वादहाला मी तीन नंबरच्या खोलीत इंजेक्शन देत होते. पेशंटचा मेहुणा बिलाचं विचारत होता, बाहेर डॉक्टर "सिस्टर, मॅडम आल्या!" म्हणून हाका मारत होते. सुई कापायचं मशीन दुसऱ्या खोलीत. मी ट्रे उचलला, वाटेत रिकामा केला, केस नीट केले आणि दारात जाऊन गुलाबाचं फूल दिलं.

मॅडम वयाने लहान, पण नजर फार वाईट. फूल घेतलं, हातमोज्यांकडे पाहून म्हणाल्या, "यांवर किमतीची पट्टी अजून आहे." डॉक्टरांनी विषय बदलायला कोरी वही आणून दिली. मॅडमनी पानं उलटली, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं.

"इतक्या वर्षांत एकालाही सुई टोचली नाही?"

"नाही," मी म्हणाले. मान ताठ.

"मग तुमच्याकडे देव कामाला आहेत, नाहीतर माणसं लिहीत नाहीत."

असा राग आला मला! काल शाळा सोडून आलेली पोरगी आणि मला शिकवते. मी म्हटलं, "विचारा की आमच्या कुणालाही." आणि दारात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशीलाच पुढे केलं.

मॅडमनी विचारलं, "मावशी, सुई टोचली तर काय करायचं?"

मावशी घडाघडा म्हणाली, "वाहत्या पान्याखाली साबनान धुवायचा. पिलायचा नाय, तोंडात घालायचा नाय. लगेच सिस्टरबायला सांगायचा. आनी वहीत लिवायचा."

डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी मॅडमकडे असं पाहिलं, की घे!

मावशी हे बोलत होती तेव्हा तिच्या बोटात सुई घुसून अर्धा तास झाला होता. मला ते ठाऊक नव्हतं. तिने ट्रे डाव्या हाताने धरला होता एवढं दिसलं होतं, पण त्या वेळी मला माझ्या ताठ मानेपलीकडे काही दिसत नव्हतं.

बारा वाजायला आले. मॅडम डॉक्टरांच्या केबिनमध्ये कागद बघत बसल्या. मी कचऱ्याच्या खोलीत गेले तर मावशी पाठ करून उभी. उजव्या हाताचं मधलं बोट हळदीने पिवळंधमक.

"हे काय?"

"काय नाय. घरा भाजी कापताना लागला."

"सकाळी घरी कापलंत आणि हळद आत्ता ओली?"

तिने बोट पदराआड लपवलं. मी दारातून देव्हाऱ्याकडे पाहिलं. हळदकुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडं होतं. देवाची हळद घेतली होती बाईने!

"मावशी, सुई टोचली का तुम्हाला?"

"जरासी," ती म्हणाली. आमचाच शब्द.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पिवळ्या पिशवीचं तोंड बांधायला तिने पिशवी दाबली होती, हातात तेच पातळ हातमोजे. सुई आरपार आली. मी ओरडलेच, "आणि मघाशी मॅडमसमोर पोपटासारखं बोललात, तेव्हा का नाही सांगितलंत? अहो, या गोष्टीला तास-तास मोजतात! जितकं लवकर तितकं बरं, मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"ती वही देवाची हाय, सिस्टरबाय. तुमी दसऱ्याला बोललाव ना, हिच्यात लिवाची येल नको. मंग पयला नाव माजाच कशाला? आनी आज बाई आलीय. आमी कंत्राटातली मानसा. उद्या बोलतील, ही बाय नको."

मी कपाळावर हात मारला. तिला काविळीच्या लसीचे दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता. भाच्याची हळद होती तेव्हा, "हात दुखला तं नाचू कशी?" म्हणून तिने टाळला, आणि मीही पुन्हा आठवण केली नाही. लस द्यायची जबाबदारी आमची असते, नाचायची नाही. तर ते राहिलं.

"सुई कुणाची होती? कुठल्या खोलीतली? पेशंट कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही."

"नाय म्हाईत."

"मावशी!"

"नाय म्हाईत म्हनली ना."

"तुम्हाला प्रत्येक खोलीची पिशवी वासावरून ओळखता येते, आणि ही नाही येत?"

 मग तिने कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढली. सुई तिने शिकवल्याप्रमाणे पांढऱ्या डब्यात टाकली होती. पुडीत होतं ते, सुईवरून निसटलेलं टोपण, आणि त्याला अजून चिकटलेला, गोल गुंडाळलेला कापूस.

सुईचा स्वेटर.

"तीन नंबरची," ती हळूच म्हणाली. "कोनाची ती मना तवाच कलली. बाई तुमाला बोलली असती. सगल्यांच्या म्होरं."

मला रडू आलं. लाज वाटली, असली लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ही बाई दीड तास स्वतःच्या रक्तात काय गेलं असेल ते घेऊन चहा वाटत होती, आणि का, तर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मी तिला ओढतच केबिनमध्ये नेलं. जाता जाता देव्हाऱ्यातली वही काखेत मारली.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, नंतर, मॅडमचं अजून..."

"नंतर नाही, आत्ता," मी म्हणाले. "मावशीला सुई टोचली आहे. सुई माझी. मी टोपण लावून पिवळ्या पिशवीत टाकली."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मॅडम मात्र खुर्चीतून उठल्या. वहीला त्यांनी हातही लावला नाही. "आधी पेशंटची परवानगी घ्या, रक्त तपासा. मावशींचंही. वही पळून जात नाही."

मावशी म्हणाली, "मी कंत्राटातली हाय." जणू ती माफी मागत होती.

"सुई टोचताना कंत्राट बघते का?" मॅडम म्हणाल्या. "काम यांच्या इमारतीत करता ना? मग काळजी यांनीच घ्यायची. कायदा तेच म्हणतो."

डॉक्टरांची चेष्टा मी पुष्कळ करते, पण त्या दिवशीचं खरं ते सांगते. ते स्वतः तीन नंबरच्या खोलीत गेले, पेशंटपुढे हात जोडून सगळं खरं सांगितलं, स्वतः रक्त काढलं. पेशंट कोण ते मी सांगणार नाही, तोही कायदाच आहे. भला माणूस, लगेच हो म्हणाला. तासाभरात रिपोर्ट आला. एचआयव्हीची मोठी भीती होती, ते नव्हतं. पण 'ब' कावीळ निघाली, त्याला स्वतःलाही माहीत नसलेली.

तिसरा डोस राहिलेल्या माणसाला अशा वेळी लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं. पनवेलमध्ये चार दुकानांत फोन केले, मिळेना. खारघरला मिळालं. डॉक्टर ओपीडी तशीच सोडून गाडी घेऊन गेले. बाहेर तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार पहिली पाळी संपवून रांगेत बसले होते, ते मला विचारत होते, "डॉक्टर कुठे पळाले?" मी म्हणाले, "चूक दुरुस्त करायला." मावशीला इंजेक्शन मी दिलं. सुई तशीच, बिनटोपणाची, पांढऱ्या डब्यात टाकली. ती बघत होती. "आता बराबर," म्हणाली.

मग वही उघडली. पहिल्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. तारीख, वेळ, कुणाला, कुठे, कशाने, हे झालं. 'का' या रकान्याशी मी थांबले. तो रकाना मीच आखला होता, तोही फार अरुंद. त्यात लिहिलं: "इन्चार्ज सिस्टरने सुईला टोपण लावले व ती पिवळ्या पिशवीत टाकली. जाड हातमोजे शोभेला ठेवले होते. लसीचा तिसरा डोस दिला नव्हता." ओळी मार्जिनच्या बाहेर गेल्या. सही केली. मावशीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "माजा नाचाचा नाय लिवलाव?"

"नाही."

"बरा केलाव."

नंतर काय, एक नाव पडल्यावर वहीची भीड चेपली. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयने मागचं 'बसणं' लिहून टाकलं. मनगटवाल्या सिस्टरने वाफ लिहिली. डॉक्टरांनी लिहिलं की लिफ्टच्या दाराने बोट चेमटलं, आणि लगेच माणूस बोलावून लिफ्ट दुरुस्त केली. आमचं कुणाचं बोट चेमटायचं तेव्हा ती कधी झाली नव्हती! हातमोज्यांवरची किमतीची पट्टी निघाली. मॅडमचा अहवाल आला, त्यात आम्हाला सुधारायच्या एवढ्या गोष्टी लिहिल्या होत्या की डॉक्टर दोन दिवस जेवले नाहीत.

पण मावशीचं मन घट्ट झालं नाही. पुढचे सहा महिने मधून मधून रक्त तपासायचं होतं. ती डबा घेऊन कचऱ्याच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर एकटी बसायला लागली. घरी नातवाला मांडीवर घेत नाही, असं तिची सून फोनवर मला म्हणाली. स्वतःचा पेला तिने वेगळा करून त्याला लाल दोरा बांधला.

मी एकदा तिच्या डब्यात हात घातला, तर तिने झाकण लावलं.

"अहो मावशी, ही कावीळ भाकरीने होत नाही. मी शिकवलंय तुम्हाला!"

"तुमी शिकवलेला तुमी तरी करता काय?"

 मी माझा डबा उघडला आणि माझी कागदाची पोळी खाल्ली. तपासणीच्या तारखा मी माझ्या मोबाइलवर लावल्या. दर वेळी तिच्याबरोबर लॅबमध्ये जाऊन बसले. सुई टोचताना ती तोंड फिरवायची आणि माझा हात धरायची.

शेवटचा रिपोर्ट दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, मग मला दिला, मी तीनदा वाचला. मग कचऱ्याच्या खोलीकडे पळतच गेले. या वयात पळायचं म्हणजे तोही अपघातच. "मावशी, काही नाही! काही नाही झालं तुम्हाला!"

ती स्टुलावर बसली होती. उठली नाही. पदराने डोळे पुसले. मीही पुसले. मला वाटलं, आता देवापुढे जाईल, साखर ठेवेल.

ती म्हणाली, "वही आना."

वही आता टेबलावर दोरीला बांधलेली असते. दोरी सोडून आणली. मावशीने स्वतः पान काढलं. वाचता येत नाही, पण पहिलं पान तिला बरोबर ठाऊक होतं. "लिवा. मावशी बरी हाय."

"असा रकाना नाही यात, मावशी. सहीनंतर काही नाहीच."

"मंग आखा."

मी पट्टी आणली. सहीच्या पुढे, कागदाच्या कडेला जेमतेम जागा होती, तिथे रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माणूस आता कसं आहे'. खाली लिहिलं, 'मावशी बरी आहे'. तिने बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं, तिच्या वाकड्या अक्षरात सही केली. मग पेल्याचा लाल दोरा दातांनी तोडला, डब्याचं झाकण काढून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "जेवा आता. सुकट हाय."